आग बाहेर, ऊब आत

आमच्या लालबागेतील थंडी ती केवढी! बऱ्हाणपूर हे मुळात उन्हाळ्याचे गाव. परंतु पौषात उत्तरेची लहर आली की परसातल्या पत्र्याच्या खोलीत पहाटे बोटे आखडतात. ही खोली वडिलांची. रंधा, पटाशा, करवती आणि सरसाचे भांडे एवढाच तिचा संसार. नोकरीतून मोकळा झाल्यापासून तो माझ्याकडे आला आहे.

माझा भाचा कॅनडात कॅलगरीला असतो. त्यालाही आजोबांचा हा वारसा लाभला आहे. घरापासून सुटी उभी असलेली मोटारीची खोली त्याने सुतारकामाला घेतली. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत लाकडाचा पांढरा डिंक नीट धरत नाही, हात तर त्याहून नाही. म्हणून यंदा त्याने तिथे गॅसची भट्टी बसविली आणि फोनवरून मला सारे दाखविले.

भट्टी आणण्यापूर्वी त्याने भिंतींत व छतात उष्णतारोधक थर भरला, दाराच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या. "मामा, गळक्या हंड्यात पाणी भरून काय उपयोग?" असे त्याचे म्हणणे. मग घरापासून त्या खोलीपर्यंत चर खणून पिवळी गॅसनळी जमिनीखालून नेली. परवाना काढला, जोडणी परवानाधारक कारागिराकडून करविली आणि तपासनीसाने पाहिल्यावरच गॅस सोडला. भट्टी छताजवळ टांगली आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेहून जड असते व जमिनीलगत पसरते. ज्योत तिच्यापासून उंच हवी.

मला खरे नवल वाटले ते भिंतीतून बाहेर गेलेल्या दोन नळ्यांचे. एकीतून ज्योतीला लागणारी हवा बाहेरून येते, दुसरीतून जळलेला वायू बाहेर जातो. ज्योत बंद पेटीत असते. पंखा त्या तापलेल्या पेटीवरून खोलीतील हवा फिरवितो. ज्योतीची हवा आणि माणसाची हवा यांची गाठ पडत नाही.

"मामा," त्याने एकदम विचारले, "आजोबांच्या खोलीला खिडकी केलीत की अजून तशीच आहे?"

मी गप्प झालो. कारण १९७८ सालच्या डिसेंबरातली ती संध्याकाळ मला आठवली. शेजारच्या लग्नघरी द्यावयाचा देव्हारा वडील जोडीत होते. सरस गार झाला की थिजतो, म्हणून कोळशाची शेगडी (आमच्याकडे हिंदीच्या सहवासाने सिगडीच म्हणतात) आत घेऊन त्यांनी दार लावले होते. आई चहा घेऊन गेली, तो वडील बाकावर डोके टेकून बसलेले, शब्द जड झालेले. आईने आरडाओरडा न करता त्यांना काखेत हात घालून अंगणात ओढले. मोकळ्या हवेत ते सावध झाले. डोके मात्र दोन दिवस ठणकत होते. कोणी थंडी बाधली म्हणाले, कोणी दृष्ट काढली. वडील एवढेच म्हणत, "अगं, धूर तर मुळीच नव्हता!"

त्यांची चूक झाली ती इथेच. लालबुंद निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकेदुखी, मळमळ, मग गुंगी. आणि झोपलेल्याला जाग येतच नाही. न्हाणीघरात बसविलेल्या गॅसच्या बंबानेही दार-खिडक्या बंद असताना असेच बळी घेतले आहेत.

हे शहाणपण आपल्याला कॅनडातूनच यावे असे नव्हे. आमच्या लालबागेतला कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहराकडे वाहते केले, तेव्हा त्या भुयारावर ठिकठिकाणी उभ्या कुंड्या ठेवल्या. त्यांतून माणूस खाली उतरे, आणि त्यांतूनच हवाही उतरे. तापीकाठच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमाम आहे. हमामांची जुनी रीत अशी की भट्टी स्नानगृहाबाहेर पेटायची. आत येई ती केवळ ऊब. चारशे वर्षांपूर्वी जे बांधणाऱ्यांना ठाऊक होते, ते आमच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत पोचायला भाच्याचा फोन यावा लागला!

आमच्या हवेला भाच्याची भट्टी नको. मी गवंडी बोलावून समोरासमोरच्या भिंतींत दोन जाळ्या पाडल्या, एक खाली, एक वर. सरसाचे भांडे विजेच्या शेगडीवर चढविले. कोळशाची शेगडी आता अंगणातच पेटते. हात शेकायचे असले तर मी बाहेर जातो.

आपल्या घरीही या थंडीत बाळंतिणीच्या खोलीत, म्हाताऱ्यांच्या उशाशी शेगडी ठेवली जाईल. ती विझवून किंवा बाहेर ठेवून मगच दार लावा. धूर दिसत नाही, एवढ्यावर विसंबू नका. सगळ्यांच्याच घरी ऐन वेळी चहा घेऊन कोणी येईल असे नाही.