जादूची भीती आणि मरणाचे मौन

लोणी काळभोर परिसरातील आमच्या काही कुटुंबांनी धर्मग्रामाच्या वाचनालयातून ‘हॅरी पॉटर’चे सातही खंड काढून टाकावेत, अशी लेखी मागणी केली आहे. मागणी करणारे पालक श्रद्धावान आहेत, रविवारची मिस्सा न चुकवणारे आहेत, आणि मुलांच्या आत्म्याविषयी त्यांना वाटणारी काळजी खरी आहे. म्हणूनच त्यांना गुळमुळीत उत्तर देणे बरे नव्हे. ही मागणी माझ्या मते चुकीची आहे. आणि खरा धोका जिथे आहे तिकडे पाठ करून ती केलेली आहे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडेसे. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेचा पहिला खंड १९९७ साली आणि सातवा २००७ साली प्रसिद्ध झाला. मराठीत पहिला खंड बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादातून ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने मंजुल प्रकाशनाने आणला. आईबाप गमावलेला, मावशीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात झोपणारा एक मुलगा अकराव्या वर्षी जादूच्या शाळेत जातो, आणि आपल्या आईबापांना मारणाऱ्याशी त्याला सामना करावा लागतो, एवढीच मूळ कथा.

पालकांचा पहिला आक्षेप जादूचा. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात जादूटोणा आणि मृतांना प्रश्न विचारणे स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले आहे, हे कोण नाकारील? आपल्या धर्मशिक्षणग्रंथाचे २११६ व २११७ हे परिच्छेदही तेच सांगतात. शेवटच्या परिच्छेदात तर ताईत-गंड्यांचे नाव घेऊन निषेध आहे. पण हा निषेध कशाचा आहे? अदृश्य शक्तींना आपल्या मुठीत धरून देवाला वगळून काम साधण्याचा. कादंबरीतली कांडी ही अल्लाउद्दीनच्या दिव्याची बहीण आहे. ती फिरवून काही होत नाही, हे आठ वर्षांच्या मुलालाही दुसऱ्या मिनिटाला कळते.

आता आपल्या सोलापूर रस्त्यावर उभे राहा. तेल कंपन्यांच्या आगारांबाहेर टँकरांच्या रांगा लागलेल्या असतात. किती टँकरांना लिंबू-मिरची बांधलेली असते, ते मोजा. नव्या बांधकामांवर उलटी टांगलेली काळी बाहुली पाहा. हे सारे इतरांचे, आपण त्यातले नव्हे, असे कुणी म्हणेल तर त्याने छातीवर हात ठेवून म्हणावे. घरे आशीर्वादित करायला मी जातो, तेव्हा पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे काय काय खोचलेले असते ते मला दिसते. मुलाच्या दंडातला भगताने दिलेला दोरा बाही खाली ओढून झाकला जातो, तोही दिसतो. शिवाय मोबाइलवरून येणाऱ्या त्या प्रार्थना : अमुक इतक्या जणांना पाठवा, तीन दिवसांत शुभवार्ता येईल, न पाठवल्यास अनिष्ट होईल! संतांचे चित्र वर छापले म्हणून ती प्रार्थना होत नाही. तो मंत्रच आहे, आणि कादंबरीतल्या कुठल्याही मंत्रापेक्षा घातक, कारण पाठवणाऱ्याचा त्यावर विश्वास असतो.

याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. दाभोलकरांच्या सर्व मतांशी धर्मगुरू म्हणून मी सहमत असण्याचे कारण नाही. पण खरी जादू कुणाचा संसार लुटते, कुणाच्या आजारी लेकराला दवाखान्यापासून दूर ठेवते, हे त्यांनी ज्या नेमकेपणाने पाहिले त्या नेमकेपणाने आपण पाहिले असते, तर कपाटातली पुस्तके उपसायला आपल्याला सवड मिळाली नसती.

कार्डिनल रात्झिंगर यांच्या २००३ सालच्या पत्राची प्रत मागणीला जोडली आहे. ते पत्र खरे आहे. ते पोप होण्याच्या दोन वर्षे आधी, एका जर्मन लेखिकेला तिच्या पुस्तकाबद्दल धन्यवाद देताना त्यांनी लिहिलेले खासगी पत्र आहे. ती धर्माज्ञा नव्हे. त्याच वर्षी, पत्राच्या महिनाभर आधी, व्हॅटिकनच्याच पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवूड यांनी या पुस्तकांची बाजू घेतली होती. पत्रांच्या प्रतींनी हा प्रश्न सुटणारा नाही.

गुप्त मंडळांचा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. पाचव्या खंडात मुले शिक्षकांपासून लपवून आपले मंडळ स्थापतात. ख्रिस्तसभेने १७३८ सालापासून फ्रीमेसनांसारख्या गुप्त संघटनांत सामील होण्यास मनाई केली आहे आणि २०२३ साली ती पुन्हा सांगितली आहे. परंतु गुप्तता हेच पाप असेल, तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे काय करायचे? सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, जिथे कॅथलिक मिस्सा हा गुन्हा होता, तिथे हा तरुण आपल्या एका धनिक मित्राचा चाकर असल्याचे सोंग घेऊन वावरत होता. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि मराठीला ‘ख्रिस्तपुराण’ मिळाले. काय लपवले जाते, कुणापासून आणि कुणाच्या भल्यासाठी, हे विचारायला हवे. कादंबरीत दोन्ही प्रकारची मंडळे आहेत : दुर्बळांना वाचवण्यासाठी जमलेले एक, आणि मुखवटे घालून दुर्बळांना छळणारे दुसरे. मुलांना त्यांतला फरक कळतो. तो कळणे आपल्या दिवसांत थोडे उपयोगी नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. या कथेचा विषय मुळात जादू नाहीच, शोक आहे. लेखिकेची आई ३० डिसेंबर १९९० रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वारली, तेव्हा पहिल्या खंडाचे लेखन नुकते सुरू झाले होते. सी. एस. लुईस नऊ वर्षांचे असताना, १९०८ साली, त्यांची आई गेली. टॉल्किन बाराव्या वर्षी पोरके झाले. त्यांचा सांभाळ बर्मिंगहॅमच्या फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी केला. जादूच्या गोष्टी लिहिणारे हे तिघे, आणि तिघांच्याही मागे आईची रिकामी खुर्ची. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

पहिल्या खंडाच्या बाराव्या प्रकरणात पोरका मुलगा रात्री एका आरशापुढे बसतो. आरशात त्याला मेलेले आईबाप आपल्या मागे उभे दिसतात. तो रोज जाऊ लागतो. शेवटी मुख्याध्यापक त्याला तिथे गाठतात, रागावत नाहीत, शेजारी जमिनीवर बसतात आणि समजावतात की या आरशापुढे बसून माणसांनी आयुष्ये घालवली आहेत. आता पुन्हा येऊ नकोस. सातव्या खंडात मृतांना बोलावणारा खडा त्या मुलाच्या हाती येतो, आणि तो अरण्यात टाकून देतो. शौल राजाला हे जमले नाही. तो वेष पालटून एन-दोरच्या बाईकडे गेलाच. आईबापांच्या थडग्यावर लेखिकेने पौलाचे वचन कोरले आहे : पहिले करिंथकरांस, अध्याय १५, वचन २६. किती पालकांनी ते पान पाहिले आहे?

आपण काय करतो? महामार्गावरच्या अपघातात बाप गेलेल्या मुलाला आपण सांगतो, ‘देवाला चांगली माणसे हवी असतात.’ हे वाक्य शुभवर्तमानात कुठेही नाही. लाजरच्या कबरेपाशी प्रभू असे बोलला नाही, तो रडला. मुलाला दफनाच्या वेळी शेजाऱ्यांकडे ठेवतात, आईसमोर बाबांचे नाव काढू नकोस म्हणून बजावतात, आणि महिन्याभरात परीक्षेच्या गुणांची चौकशी सुरू होते. अशा मुलाने बाराव्या प्रकरणावर बोट ठेवून ते पाच वेळा वाचले, तर त्याच्या हातून पुस्तक कोण काढून घेणार? आणि त्या जागी काय देणार?

स्टीफन्सना हाच प्रश्न एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने विचारला, असे ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच आहे. जुनी पुराणे वाचायची नाहीत म्हणता, मग दुसरी द्या, असा त्याचा रोकडा सवाल होता. स्टीफन्सनी त्याला उपदेश केला नाही. सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि १६१६ साली रायतूरला छापल्या. आमच्या वाचनालयात मुलांसाठी संतचरित्रे आहेत. त्यांतली बहुतेक अशी लिहिली आहेत की संत जन्मल्यापासून कधी हसले वा रडले नसावेत.

या कादंबरीत उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. जादू रक्तातच असावी लागते आणि बाकीचे लोक सामान्य, काहीसे हास्यास्पद, ही कल्पना मला खटकते. आपल्या जातिग्रस्त समाजात तर अधिकच. दफनविधी आहेत, पण प्रार्थना नाही. थडग्यावर वचन आहे, पण ते कुठून आले हे मुलाला कुणी सांगत नाही. ते आईवडिलांनी सांगायचे आहे. २ नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावताना मुले बरोबर असतातच.

पहिले तीन खंड दहा-अकरा वर्षांच्या मुलांना द्यायला हरकत नाही. चौथ्यात एका निरपराध विद्यार्थ्याची हत्या आहे. तिथून पुढचे खंड मोठ्या माणसाने आधी वाचावेत. ज्यांना इतकी पाने वाचायला सवड नाही त्यांनी निदान ते बारावे प्रकरण वाचावे. अर्ध्या तासाचे काम आहे.