इंजिनिअर साहेब, नियमावली वाचलीय का?

म्हसवडकरांनो, आज जरा स्पष्टच बोलतो.

घराचा नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरचा परवाना नूतनीकरणाला गेला की फी आणि कागद बघतात. कायदा माहीत आहे का, हे कुणी विचारत नाही.

डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आहे, यूडीसीपीआर. आपली नगरपरिषदही त्यातच. सामासिक अंतर, नदीकाठची निळी-लाल पूररेषा, सगळं त्यात आहे. गुंठ्याचे प्लॉट मोजणाऱ्यांचंही तेच. तुकडेबंदी कायदा 1947 चा, पण अलीकडे बदललाय. किती जणांनी वाचलाय?

चूक त्यांची, नोटीस मात्र घरमालकाच्या नावानं! आयुष्यभराची कमाई घालून बांधलेली भिंत पाडायची कुणी?

"आणखी एक परीक्षा कशाला?" असं काही इंजिनिअर मित्र म्हणतात. अहो, राज्यातल्या डॉक्टरांना नोंदणी टिकवायला 5 वर्षांत 30 गुण मिळवावेच लागतात. मग तुम्हालाच सूट का?

नगरविकास खात्यानं नूतनीकरणाआधी कायद्याची परीक्षा घ्यावी. तोवर आपणच नकाशाचे पैसे देण्याआधी विचारायचं: "साहेब, हा कुठल्या नियमानं काढलाय?" कलम दाखवता आलं नाही, तर दुसरा इंजिनिअर बघा.