मेंदूचं वीजबिल

आपला मेंदू जेमतेम २० वॅटवर चालतो. त्याची नक्कल करायला संगणकांच्या खोल्याच्या खोल्या लागतात. फ्रान्समधील भौतिकशास्त्रज्ञ ज्यूली ग्रोलिए यांचं काम याच तफावतीवर आहे. नोबेलविजेते आल्बेर फेर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. २०१७मध्ये त्यांच्या गटाने एकाच चुंबकीय नॅनो-आंदोलकाला आळीपाळीने अनेक चेतापेशींची भूमिका करायला लावून बोललेले अंक ओळखून घेतले. (आधीची ध्वनिछाननी आणि शेवटचा हिशेब मात्र संगणकाचाच.) याला ‘कृत्रिम मेंदू’ म्हणणं मला पटत नाही, खरी चेतापेशी रसायनांवर जगते, आजारी पडते. पण जिथे वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची, त्या ग्रामीण रुग्णालयात बॅटरीवर ईसीजी वाचणारं यंत्र या वाटेने येणार असेल, तर मला ते हवंय.