आधी मोसम द्या, मग गुण मागा

गुरप्रीत सात, अन्वर साडेसहा, छांगटे पाच, इरफान तीन. ताजिकिस्तानातल्या हिसोरमध्ये भारतीय संघ काफा नेशन्स कप खेळत होता तेव्हा, २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२५ या दिवसांत, बंगळुरूतल्या माझ्या फुटबॉलवेड्या मित्रांनी प्रत्येक सामन्यानंतर असे दहापैकी गुण वाटले. कोण संपला, कुणाला घरी पाठवा, कुणाच्या पायात दम नाही, सगळे निकाल एका रात्रीत. मला या गुणपत्रिकेची चीड आहे. नाव स्पर्धेचं असलं तरी ते चारही सामने मोसमपूर्व सामने होते, आणि तेही अशा खेळाडूंचे, ज्यांना मोसम येणार आहे की नाही हेच कुणी सांगितलं नव्हतं.

मी देवनहळ्ळीत राहतो. विमानतळाच्या रस्त्याला सादहळ्ळीच्या बाजूला पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्र आहे. खालिद जमील यांनी भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून आपलं पहिलं शिबिर ऑगस्टच्या मध्यावर तिथेच भरवलं. तेरा वर्षांनंतर या जागेवर भारतीय माणूस बसला होता. त्यांनी ३५ खेळाडूंची नावं जाहीर केली आणि सुरुवातीला हाती आले २२. बाकीचे १३ ड्युरंड कपमध्ये अडकलेले. फिफाने ठरवून दिलेल्या मुदतीबाहेर सामने आहेत म्हणून मोहन बागानने आपले खेळाडू पुढेही सोडले नाहीत. जे आले त्यांतल्या बंगळुरू एफसीच्या खेळाडूंचे पगार क्लबने ४ ऑगस्टला अनिश्चित काळासाठी थांबवले होते. गुरप्रीत, भेके, सुरेश, रोशन, चिंगलेनसाना ही सगळी त्याच क्लबची माणसं. पगार कधी येईल ते माहीत नाही, स्थगित झालेली इंडियन सुपर लीग (आयएसएल) कधी सुरू होईल ते माहीत नाही, आणि दोनेक आठवड्यांच्या तयारीवर इराणसमोर उभं राहायचं.

मोसमपूर्व तयारी म्हणजे काय हे आपल्याकडे चाहत्यालाच नव्हे, पदाधिकाऱ्यांनाही कळत नाही. तिला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिले दोन आठवडे दम आणि ताकद. मग चेंडूवरची कामं, मग सराव सामने, आणि तेसुद्धा टप्प्याटप्प्याने. आधी अर्धा तास, मग ४५ मिनिटं, मग ६०, आणि शेवटी पूर्ण ९०. या पायऱ्या गाळल्या की मांडीच्या मागचा स्नायू दगा देतो. तो नाही दिला तर पाय सत्तराव्या मिनिटाला जड होतात आणि पायांच्या आधी डोकं थकतं. म्हणून जाणता प्रेक्षक मोसमपूर्व सामन्यात गोलफलक पाहत नाही. चेंडू हरवल्यावर बगलेवरचा खेळाडू मागे धावतो का, बचावाची आणि मधली फळी यांतलं अंतर शेवटच्या वीस मिनिटांत किती वाढतं, पहिला स्पर्श अंगापासून किती लांब जातो, हे तो पाहतो.

तसं पाहिलं तर हिसोरमध्ये काय दिसलं?

ताजिकिस्तानविरुद्ध पहिल्या तेरा मिनिटांत दोन गोल. अन्वर अलीचा पाचव्या मिनिटाला, संदेश झिंगनचा तेराव्या. दोघेही मध्यवर्ती बचावपटू. मोहम्मद उवैसचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, आणि त्याच्या लांब थ्रोने यजमानांच्या गोलक्षेत्रात घबराट उडवली. पुढे ताजिकिस्तानने एक गोल फेडला आणि ७३व्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. ती गुरप्रीतने अडवली, म्हणून २-१ टिकलं. गुरप्रीतच्या पायाने होणाऱ्या खेळावर मी वर्षानुवर्षं चिडत आलो आहे. चेंडू पायाशी आला की तो घाई करतो आणि सरळ प्रतिस्पर्ध्याला देऊन बसतो, तेव्हाही तेच केलं. पण गोलरेषेवर उभा असलेला तो माणूस अजूनही देशातला पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक आहे, आणि ज्यांना हे दिसत नाही त्यांनी गुण देण्याचं काम सोडावं.

इराणचा सामना मात्र प्रत्येकाने घड्याळ समोर ठेवून पुन्हा बघावा. मध्यंतराला ०-० होतं. पहिला गोल ५९व्या मिनिटाला, दुसरा ८९व्या, तिसरा भरपाई वेळेत. आशियातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एकाला या मुलांनी तासभर रोखून धरलं, आणि पाय संपल्यावर ती ढासळली. यात कुठल्या बचावपटूचे गुण कापायचे? ज्यांनी त्याला दोनेक आठवड्यांत ९० मिनिटांचा खेळाडू व्हायला सांगितलं, त्यांचे कापा.

सोडून द्यायची नाही अशी एक गोष्ट आहे, आणि ती मी सोडणार नाही. चार सामन्यांत निर्धारित वेळेत भारताचे गोल तीन. दोन बचावपटूंचे आणि एक बगलेवरच्या उदांताचा, ओमानविरुद्ध. आघाडीच्या मधल्या जागेवर खेळलेल्या एकाचाही नाही. अफगाणिस्तानविरुद्ध ०-० होऊच कसं शकतं? इरफान यादवाड धावतो, झगडतो, अंगावर घेतो, पण चेंडू येण्याआधी गोल कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्याचा पहिला स्पर्श बचावपटूच्या बाजूला जातो. हे कटू आहे आणि खरं आहे. पण हा मुलगा हे शिकणार कुठे? इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी मैदानावर, आणि त्यांतला एक बहुतेक वेळा नऊ नंबरचा. भारतीय आघाडीवीराला सलग नव्वद मिनिटं मिळतात ती सराव सामन्यात नाहीतर ड्युरंडमध्ये. २०२५ च्या ड्युरंडला आयएसएलचे सहाच क्लब उतरले, आणि मोसमपूर्व तयारीला कुलूप लागलेलं. म्हणजे होती तीही मिनिटं गेली. २०२४-२५ च्या मोसमात सर्वाधिक गोल करणारा भारतीय होता चाळिशीतला सुनील छेत्री, १४ गोल. या आकड्याने लाज वाटायला हवी होती. आपण टाळ्या वाजवल्या आणि पुढे गेलो.

आणि चाहत्यांचा दुटप्पीपणा! नवा परदेशी आघाडीवीर मोसमपूर्व सामन्यात रिकामा गोल चुकवतो तेव्हा हेच लोक म्हणतात, वेळ द्या, हवा वेगळी आहे, मैदान वेगळं आहे. विशीतला मणिपूरचा किंवा गोव्याचा मुलगा तोच चेंडू बाहेर मारतो तेव्हा त्याला क्लबमधून काढायची मागणी होते. श्री कंठीरवा स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी हे कन्नडमध्ये ऐकलं आहे, मल्याळममध्ये ऐकलं आहे आणि आपल्या मराठी मंडळींकडून तर सर्वांत मोठ्याने ऐकलं आहे. मराठी माणसाने तरी हे करू नये. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स आणि एफसी पुणे सिटी, एकाच शहरातले हे सगळे क्लब आपल्या डोळ्यांदेखत गेले. शेवटच्याचा परवाना २०१९ मध्ये हैदराबादला पोचला. क्लब जातो तेव्हा आधी जातो तो असाच विशीतला मुलगा, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

मुंबईच्या राहुल भेकेचं उदाहरण घ्या. २०१८ च्या उन्हाळ्यात बंगळुरू एफसी स्पेनला गेली, बार्सिलोना आणि व्हियारियाल यांच्या दुसऱ्या फळीच्या संघांशी खेळली. पूर्ण तयारी, ठरलेल्या तारखा, ठरलेला मोसम. १७ मार्च २०१९ ला मुंबईत एफसी गोवाविरुद्ध आयएसएलच्या अंतिम सामन्यात दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर भेकेने डोक्याने गोल केला आणि करंडक बंगळुरूला आला. मिनिट होतं ११७वं. एका बचावपटूच्या पायांत ११७व्या मिनिटाला समोरच्या गोलक्षेत्रापर्यंत जाऊन उडी मारायचं बळ उरतं, त्याचा पाया महिनोन्‌महिने आधी घातलेला असतो. तोच भेके सहा वर्षांनी, मोसमाशिवाय, हिसोरला गेला आणि ओमानविरुद्ध तिसऱ्या क्रमांकासाठीच्या पेनल्टी फेरीत त्याने आपला चेंडू जाळीत घातला. सामना १-१, पेनल्टीत ३-२, आणि भारताने ओमानला प्रथमच नमवलं. त्या रात्री त्याला साडेपाच देणारा एक मित्र माझ्या ओळखीचा आहे. मी त्याच्याशी महिनाभर फुटबॉलवर बोललो नाही.

आता खरी गुणपत्रिका. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवत आलेली एफएसडीएल कंपनी यांच्यात लागू असलेला २०१० चा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे पंधरा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. तरी ११ जुलैपर्यंत नूतनीकरण नाही. त्या दिवशी लीग स्थगित. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं हे खरं, पण ते तिथे काल गेलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरविरुद्ध छांगटेने १४व्या मिनिटाला सुरेख गोल केला, आणि आपण १-२ हरलो. २०२७ चा आशिया चषक हातचा गेला. तेव्हाही लीग सुरू नव्हती. ७ नोव्हेंबरला व्यावसायिक हक्कांच्या निविदेची मुदत संपली आणि एकही बोली आली नाही. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. कल्याण चौबे यांच्या महासंघाला यात दहापैकी किती द्यायचे? मी शून्य देतो, आणि कुठलीही सबब ऐकून घेणार नाही.

अखेर ६ जानेवारी २०२६ ला क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीला सुरू होईल. १४ क्लब, ९१ सामने. आधीच्या मोसमात प्रत्येक क्लबला साखळीत २४ सामने होते, आता १३. घोषणेपासून पहिल्या शिट्टीपर्यंत सहा आठवडेही नाहीत, आणि त्यांतच क्लबांनी खेळाडू गोळा करायचे, मैदानं मिळवायची, पगाराची बोलणी करायची. म्हणजे या १३ पैकी पहिले चार-पाच सामने पुन्हा मोसमपूर्वच असणार. त्या सामन्यांत रोशनचा क्रॉस गोलामागच्या पायऱ्यांवर गेला, सुरेश साठाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तर कंठीरवावर माझ्या शेजारी बसून कुणी हुर्यो उडवायची नाही. मी त्याला तिथल्या तिथे गप्प करीन. सहाव्या सामन्यापासून मात्र मीही वही काढेन, आणि मग कुणालाही सूट नाही, गुरप्रीतच्या पायांना तर नाहीच नाही.