थंडीसाठी भाजका चहा, आणि तोही कोरा

डिसेंबर उजाडला की राजापूरच्या बागायतदारांचं लक्ष पाऱ्याकडे लागतं. रात्री चांगला गारठा पडला आणि टिकला, तर हापूस मोहोरतो. मळभ दाटलं तर तुडतुड्याची धास्ती. नाशिक-महाबळेश्वरच्या मानाने कोकणची थंडी किरकोळच, पण सकाळी अर्जुना आणि कोदवलीच्या काठाला धुकं असतं आणि बागेत निघालेल्या माणसाला कानटोपी लागते. अशा वेळी घरोघरी आधणात साखर, आलं, गवती चहाची पात पडते आणि वरून दूध. त्या चहाशी कुणाचं भांडण नाही. मात्र थंडीच्या या दोन महिन्यांत त्याच्या शेजारी आणखी एका चहाला जागा मिळायला हवी: कोळशाच्या धगीवर भाजलेल्या, बिनदुधाच्या ऊलाँगला.

ऊलाँग हा ग्रीन टी आणि आपला काळा चहा यांच्या मधला. खुडलेली पानं आधी मलूल पडू देतात, मग टोपल्यांत हलवून-घुसळून त्यांच्या कडा दुखावतात. हवा लागून त्या कडा तांबूस होतात. हवी तेवढी लाली चढली की पानं कढईत तापवून ती क्रिया थांबवायची, वळायची आणि वाळवायची. खरी कारागिरी यापुढे. चीनच्या फूजिआन प्रांतातल्या वुयी डोंगरात आणि तैवानच्या डोंगडिंग भागात जुन्या पद्धतीने भाजणारे कारागीर कोळशाचे निखारे राखेखाली झाकतात, वर पानांनी भरलेली बांबूची टोपली ठेवतात आणि तासन् तास पानं हलवत बसतात. ज्वाळ नको, धूर नको. एकदा भाजून झालं की पानांना काही दिवस विसावा, मग पुन्हा विस्तव. घाई झाली तर माल करपतो, आणि करपलेल्या पानाला दुसरी संधी नसते.

या भाजणीत पानातला उरलासुरला ओलावा जातो. फुलांचा हिरवट वास मागे पडतो आणि भाजक्या धान्याचा, अक्रोडाचा, गुळाच्या पक्क्या पाकाचा वास पुढे येतो. कोकणातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. कुळीथ तसाच दळला तर उग्र लागतो. मंद आचेवर खमंग भाजून दळला की त्याच कुळथाची पिठी घर दरवळून टाकते आणि टिकतेही. भाजका ऊलाँग याच समजुतीतून आलेला आहे. म्हणूनच तो थंडीत खुलतो. हलका, हिरवट ऊलाँग उन्हाळ्याच्या तोंडाला बरा. गार हवेत मात्र भाजलेल्या पानाचा जड, उबदार वास नाकाशी रेंगाळतो आणि घोट गिळल्यावरही जिभेवर गोडी राहते.

‘हे परदेशी खूळ कोकणात कशाला?’ असं कुणी विचारील. त्याने राजापूरचा इतिहास आठवावा. जैतापूरच्या खाडीतून आत आलं की लागणारं हे बंदर विजापूरच्या आदिलशाहीत भरभराटीला आलं होतं. मिरीच्या ओढीने इंग्रजांनी 1649च्या सुमारास इथे वखार घातली. 1660मध्ये याच वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा घेऊन गेला आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारून त्याला साथीदारांसह कैद केलं. 1660च्याच सप्टेंबरमध्ये लंडनमध्ये सॅम्युएल पेप्सने आयुष्यातला पहिला चहा प्यायल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली. म्हणजे राजधानीतल्या शिकल्यासवरल्या इंग्रजालाही चहा तेव्हा नवा होता.

आपल्या किनाऱ्यावर मात्र तो आधीच पोचला होता. 1638मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मान्डेलस्लो तिथल्या बैठकींत रोज चहा होत असल्याचं लिहितो. 1689मध्ये सुरतेच्या सफरीवर निघालेला पाद्री जॉन ओव्हिंग्टन तर कृतीच देतो: पाण्यात गरम मसाला उकळायचा आणि चहा खडीसाखरेबरोबर किंवा मुरवलेल्या लहान लिंबांबरोबर घ्यायचा. त्यात दुधाचं नाव नाही. कडक, दुधाळ, उकळलेला चहा घराघरांत रुळला तो विसाव्या शतकात. चहा कंपन्यांनी गावोगाव प्रचार केला, 1930च्या दशकात आसामात पानांचे दाणे करणारं सीटीसी यंत्र आलं आणि स्वस्त, पटकन रंग सोडणारी दाणेदार पूड बाजारात पसरली. ती पूड कोरी प्यायली तर घसा धरते. तिला दूध आणि साखर लागतेच.

कोकणात तरीही कोरा चहा राहिला. इथल्या गाई लहान चणीच्या, दूध बेताचं. मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरात दूध पोरांसाठी आणि आल्यागेल्यासाठी राखायचं. बाकीच्यांना गूळ घातलेला कोरा चहा. त्यामुळे त्याच्यावर गरिबीचा शिक्का बसला. आजही पाहुण्यापुढे कोरा चहा ठेवताना घरची बाई ओशाळते, ‘दूध संपलंय हो’ म्हणते. या ओशाळलेपणाचं वाईट वाटायला हवं. बिनदुधाच्या चहाची चव ओळखणारी जीभ ज्या मुलखाकडे आहे, त्याने ती कमीपणाची खूण का मानावी? तैवानमध्ये हाच कोरा चहा पाहुण्याचा मान म्हणून पुढे येतो.

करायला भाजका ऊलाँग सोपा आहे. दीडशे मिलीलिटरच्या किटलीला किंवा झाकणाच्या चिनी मातीच्या भांड्याला पाच ग्रॅम पानं पुरतात. पाणी खळखळून उकळलेलं हवं, पण पानं पाण्याबरोबर उकळायची नाहीत. पहिलं पाणी ओतून लगेच फेकून द्यावं, दुसरं मिनिटभर ठेवून गाळावं. गोळीसारखी वळलेली पानं हळूहळू सुटू लागतात. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला पूर्ण उलगडून भांडं भरून टाकतात आणि नीट पाहिलं तर त्यांची तांबूस कड दिसते. त्याच पानांचे पाच-सहा वेळा कप निघतात, दर वेळी थोडं जास्त थांबायचं. किलोचा भाव ऐकून दचकणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं मऊ पाणी या कामाला उत्तम. उन्हाळे गावातल्या गरम झऱ्याचं गंधकाच्या वासाचं पाणी अंघोळीपुरतंच ठेवावं.

एक इशारा: वजन उतरतं, चरबी वितळते असं सांगून ऊलाँग विकणाऱ्यांपासून लांब राहावं. हा चहा चवीसाठी प्यायचा. त्यात कॅफीन आहे, तेव्हा रात्री उशिरा नको.

गडद भाजलेला माल बहुतेक तैवान किंवा चीनचा असतो आणि महागही पडतो. दार्जिलिंग आणि निलगिरीचे काही मळे ऊलाँग करतात, तो बराचसा हलका. तो आणून घरी भाजता येतो. बिडाचा तवा चुलीच्या मंद धगीवर ठेवावा. त्याला तेला-मसाल्याचा वास नको, नाहीतर चहा तोच वास धरतो. मूठभर पानं सतत हलवत राहावीत, गोड वास सुटला की लगेच ताटात काढावीत, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत आणि दोन-चार दिवसांनी पहिला कप करावा.