सात मिनिटांचं समूहगान पुरे झालं!

आपल्या गॅदरिंगमधलं समूहगान तुम्ही कधी ऐकलंय? नसणारच. ते सकाळी साडेदहाला असतं, तेव्हा अख्खं हॉस्टेल झोपलेलं असतं. सात मिनिटं, एक देशभक्तीपर गीत, पांढरे कुर्ते, आणि समोर परीक्षक धरून अकरा माणसं. निकाल लागला की ग्रुप विसर्जित! पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून 'सा' शोधायचा.

गेल्या वर्षी आम्ही चौदा जणांनी ठरवलं, स्पर्धा-बिर्धा नको. वर्षात तीन कार्यक्रम करू, प्रत्येकाला एक विषय, आणि जागा आपली मेस, रात्री साडेआठला. यंदा जिमखान्याच्या मीटिंगमध्ये "त्यापेक्षा एक डीजे नाइट जोरात करा" असा सूर निघाला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी आमचीच फजिती सांगतो. जुलैचा विषय होता पाऊस. मराठीत पावसाच्या गाण्यांना काय तोटा! अकरा निवडली आणि ओळीने म्हटली. चौथ्या गाण्याला लोक ताटं उचलून चालू पडले. बरोबरच होतं त्यांचं. अकराही गाणी एकाच मूडची, एकाच संथ लयीची. विषय होता तो फक्त पोस्टरवर. त्यात पट्टीचा घोळ. मुलांना काळी एक सोयीची, मुलींना काळी चार-पाच. मधली धरली की मुलांचा वरचा सूर फाटतो आणि मुलींचा खालचा ऐकूच येत नाही. दोन सूर जरासे वेगळे लागले तर काय होतं, हे फिजिक्समध्ये आपण घोकलेलं असतं. २४० हर्ट्झ आणि २४३ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तीन बीट्स. त्या जर्नलला मला दहापैकी नऊ मार्क होते. पण ते बीट्स खरोखर ऐकू आले मेसमध्ये, सगळ्यांसमोर!

दुसरा विषय घेतला 'काम'. जात्यावरच्या ओव्या, मोटेवरची, होडीतली गाणी. लायब्ररीत ओव्यांची पुस्तकं मिळाली, पण पुस्तकात चाल कुठून असणार? मग आम्हीच एक चाल लावली आणि टेबलं सरकवून प्रॅक्टिस सुरू केली. पलीकडे मेसच्या मावशी लसूण सोलत होत्या. तीन दिवस त्यांनी सहन केलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "असं न्हाई रं बाळांनो. दम कुठं टाकताय?" मग त्यांनी लसणाचं ताट बाजूला ठेवून हात फिरवून दाखवला. दोघी जात्याला बसल्या की एकीचा दम जिथं सरतो तिथं दुसरी उचलते; गाणं तुटत नाही आणि जातंही थांबत नाही. क्वायरमध्ये लांब सूर धरायचा तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो, आळीपाळीने चोरून घ्यायचा असतो. हे आम्ही इंटरनेटवर वाचलं होतं, जमत नव्हतं. मावशींमुळे एका संध्याकाळीत जमलं.

कार्यक्रमाला त्या पुढे यायला काही तयार झाल्या नाहीत. किचनच्या दारात उभं राहून म्हणाल्या. त्या दिवशी ताट उचलून कोणी गेलं नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे की विषय बांधला की शोधावं लागतं, आणि शोधायला लागलं की कळतं, गाणं आपल्याच आवारात कोणाकडे तरी आहे. ही काही आमची अक्कल नव्हे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' असेच विषय घेऊन केलं. डॉ. अशोक दा. रानडे यांनी 'बैठकीची लावणी', 'देवगाणी' असे कार्यक्रम अभ्यासून उभे केले. एम. बी. श्रीनिवासन यांचा मद्रास यूथ क्वायर वेगवेगळ्या भारतीय भाषांतून गायचा. तो किस्सा वाचूनच आम्ही तिसरा विषय 'आपापली भाषा' घेतला. भोजपुरी आणि मल्याळम उच्चारांची आम्ही वाट लावली, ते सोडा. पण सी विंगमधली, एरवी 'हाय'च्या पुढे न बोलणारी दोन मुलं महिनाभर आमचे मास्तर होती.

आता हिशेब. डीजे नाइटला सातशे-आठशे पोरं येतील, आमच्या तिसऱ्या कार्यक्रमाला जेमतेम साठ होती. कबूल! नाचायला मलाही आवडतं. पण आमचा वर्षाचा खर्च म्हणजे पेटीची दुरुस्ती, तबल्याची एक पुडी, झेरॉक्स आणि चहा. तेवढ्यासाठी तीन संध्याकाळी कापायच्या? डीजे आणा ना, पण त्या तीन तारखा सबमिशनच्या आठवड्यात न टाकता कॅलेंडरमध्ये आधीच छापा. आणि मेसच्या लोकांना त्या रात्री लवकर मोकळं करा, म्हणजे त्यांना दारात उभं राहून ऐकावं लागणार नाही.

जुलैसाठी आम्ही 'प्रवास' हा विषय धरलाय. रविवारी सकाळी दहाला टीव्ही रूममध्ये बसतो. खर्जातला आवाज तातडीने हवाय, होता तो एकुलता एक फायनल इयरचा, पास होऊन गेला!