सामान आपले, वेळापत्रकही आपलेच

मार्च २०२०मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडे-सवलत थांबवली. साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के अशी ती सवलत होती. साथीच्या दिवसांत वयस्कर माणसांनी घराबाहेर पडू नये, हे कारण त्या वेळी पटण्यासारखे होते. पुढे साथ ओसरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, गर्दीही पहिल्यासारखी झाली. सवलत मात्र परतली नाही. तेव्हापासून कुठल्याही गावातल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाऊन बसा, पेन्शनच्या खालोखाल हाच विषय निघतो.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीत आधी हिशेब दिसतो. पेन्शन नसलेल्या खेड्यातल्या विधवेला तिकिटातले दोन-तीनशे रुपये म्हणजे खरोखरच जाणे किंवा न जाणे. तिच्यासाठी सवलत परत यायलाच हवी. पण चांगले पेन्शन असलेली, मुदत ठेवींच्या पावत्या कपाटात नीट लावून ठेवलेली माझ्यासारखी माणसेही या सवलतीसाठी का हळहळतात? मला वाटते, आमच्या पिढीला स्वतःवर खर्च करायला निमित्त लागते. अर्धे तिकीट हे ते निमित्त होते. ‘अहो, अर्ध्या तिकिटात होतंय, जाऊन येऊ या,’ असे म्हटले की मनातला खजिनदार गप्प बसत असे. सवलत गेली आणि हा खजिनदार पुन्हा जागा झाला.

राज्याच्या एसटीने याच काळात उलट वाट धरली. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यात मोफत प्रवास मिळू लागला. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहेच. मार्च २०२३पासून सगळ्याच वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यानंतर देवदर्शनाला, माहेरी, मैत्रिणीकडे निघालेल्या आजीबाई ज्या संख्येने स्टँडवर दिसू लागल्या, ती पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात येते. या वयातल्या माणसांना घरी बसायचे नव्हते, त्यांना कुणीतरी ‘जा’ म्हणायला हवे होते.

पण भाडे ही या प्रश्नाची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, कुठे जायचे, कधी जायचे आणि किती थांबायचे हे ठरवायचे कुणी? आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्याच वेळापत्रकावर प्रवास केलेला असतो. तरुणपणी लग्नकार्ये आणि सुतक. मग मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यातले गाव. नोकरदारांना एलटीसी, आम्हा बँकवाल्यांना एलएफसी. तीही ‘यंदा नाही घेतली तर बुडेल’ म्हणून घेतलेली. निवृत्तीनंतर निदान स्वतःचे वेळापत्रक यावे, तर तिथे मुले उभी. ‘बाबा, एकटे कशाला जाता? टूरबरोबर जा ना!’

टूर कंपन्यांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. मराठी मध्यमवर्गाला काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत नेऊन, वर तिथे वरण-भात वाढण्याचे मोठे काम त्यांनी केले आहे. ज्यांना सोबतीची गरज आहे, ज्यांना परक्या भाषेचे दडपण येते, त्यांनी जरूर त्यांच्याबरोबर जावे. मात्र तिथे घड्याळ व्यवस्थापकाच्या हातात असते. सहा वाजता चहा, सात वाजता नाश्ता, आठला बस. ज्याच्या गुडघ्यांना सकाळी सुरू व्हायला तासभर लागतो, त्याचे तिथे हाल होतात.

एक सरळ उदाहरण घेऊ. सोलापूरहून गदगकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर विजयपूर लागते, पुढे बागलकोट आणि मग बदामी. घाईच्या सहलीत बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात उरकतात. आता हीच सहल आपण आखली तर? पहिला मुक्काम विजयपूरला. १६५६मध्ये पूर्ण झालेला गोलघुमट दुपारच्या उन्हात धावतपळत पाहण्याऐवजी सकाळी शांतपणे पाहावा. वरच्या सज्जापर्यंतचा जिना चढवत नसेल तर खाली बसून मान वर करावी, तेही पुष्कळ आहे. मग बदामीला सलग तीन रात्री. डोंगरात खोदलेल्या चार लेण्यांकडे पायऱ्या चढून जावे लागते; ऊन तापायच्या आत निघावे आणि प्रत्येक लेण्यात हवे तेवढे टेकावे. तिसऱ्या लेण्यात इ.स. ५७८चा कोरीव लेख आहे, तिथे थोडा वेळ काढावाच. दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून पट्टदकल; सुमारे बावीस किलोमीटर. तिसऱ्या दिवशी ऐहोळे. तिथल्या मेगुती मंदिरातल्या ६३४च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाबरोबर ‘तीन महाराष्ट्रकां’चा उल्लेख आहे. आपल्या प्रदेशाच्या नावाचा इतका जुना लेख पाहायला मराठी माणसाने अर्धा दिवस द्यायला हरकत नाही. आणि अनेक मराठी घरांची कुलदेवता असलेली बनशंकरी बदामीच्या अगदी जवळ आहे, म्हणजे ओटीही भरून होते.

यात अवघड काय आहे? खरे तर काहीच नाही. पण आखणी हवी, आणि आखणी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवलेले नसते. रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे दोन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवायला हवी. खालच्या बर्थचा राखीव कोटा साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या स्त्रियांना मिळतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. तीन मैत्रिणींनी एकत्र तिकीट काढले की हा कोटा हातचा गेला. तिघींनी तिकिटे दोन काढावीत. एकाच स्थानकावरून निघून तिथेच परतणार असाल, तर रेल्वेचे सर्क्युलर जर्नी तिकीट असते. त्यात वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येते आणि दर लांबच्या प्रवासाचा, म्हणजे किलोमीटरमागे कमी लागतो. हे तिकीट फारसे कुणाला माहीत नसते. मोठ्या स्थानकावरच्या आरक्षण कार्यालयात चौकशी करावी.

राहण्याच्या जागेला फोन कराल तेव्हा ‘टीव्ही आहे का?’ हे विचारण्याआधी ‘पायऱ्या किती?’ हे विचारावे. खोली तळमजल्यावर मागावी. अंधार पडल्यावर परक्या गावात उतरावे लागेल अशी गाडी घेऊ नये. औषधे दोन पिशव्यांत विभागावीत. पैसेही एकाच खिशात नकोत. खोलीचे सगळे पैसे अनोळखी संकेतस्थळावर आगाऊ भरू नयेत आणि ओटीपी कुणी म्हणजे कुणालाही सांगू नये. हे मी जुन्या सवयीने सांगतो आहे. पेन्शनरांना नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची धास्ती असते. पण ‘जीवन प्रमाण’ची सोय २०१४पासून आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो दाखला देता येतो. दिवाळीनंतरची सुखद थंडी त्यासाठी घरात बसून घालवायचे कारण नाही.

अडचणी नाहीत असे मी म्हणत नाही. खिडकीवरची रांग कमी झाली आणि तिची जागा मोबाइलने घेतली. २०२५च्या जुलैपासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारशी जोडलेले खाते लागते. दलालांना आळा बसावा हा हेतू चांगला आहे, पण मोबाइल मुलाच्या हातात असलेल्या आईला त्यामुळे आणखी एक परवानगी मागावी लागते. स्टँडवरची स्वच्छतागृहे हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. मधुमेहाच्या वयात माणूस प्रवास टाळतो तो पैशांपेक्षा या एका कारणाने अधिक. एकट्या बाईला खोली देताना आजही काही लॉजवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. एवढ्या माणसांना सवलतीइतकीच गरज आहे ती बसायला बाक, चालू स्थितीतली लिफ्ट, स्वच्छ शौचालय आणि नीट उत्तर देणारी खिडकी यांची. सवलतीसाठी निवेदने देणाऱ्या संघटनांनी या मागण्याही तितक्याच जोराने लावून धरायला हव्यात.

मुलांची काळजी खोटी नसते, हेही मान्य. रक्तदाब असतो, गुडघे असतात, पडण्याची भीती असते. पण काळजी आणि ताबा यांत फरक आहे. रोज संध्याकाळी फोन करा, डॉक्टरांचा नंबर घेऊन ठेवा, गाडीच्या तिकिटाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. पण ‘तिथे काय बघायचंय?’ हे विचारू नका. आणि आई-वडिलांनीही सत्तरीपर्यंत वाट पाहू नये. पन्नाशी ही तालमीची वेळ आहे. नोकरी चालू असताना, पाय धड असताना दोन दिवसांच्या लहान सहली स्वतः आखून केल्या, तर पुढे मोठा प्रवास जड जात नाही. साठीला प्रथमच स्वतः तिकीट काढणाऱ्याला सगळेच अवघड वाटते.

सगळ्यांत जास्त अधिकार राखून ठेवायचा तो घरातल्या बाईसाठी. चाळीस वर्षे तिने सगळ्यांच्या बॅगा भरल्या, दशम्या केल्या, पाण्याच्या बाटल्या मोजल्या. पण जायचे कुठे हे तिला कुणी विचारले नाही. एसटीने तिला अर्धे तिकीट दिले, रेल्वेने पंचेचाळिशीपासून खालचा बर्थ दिला. घराने अजून निवड दिलेली नाही. आज रविवार आहे, सगळे घरी आहेत. नकाशा तिच्यासमोर ठेवावा आणि बोट तिला ठेवू द्यावे. ते बोट कदाचित अशा गावावर पडेल जिथे पाहण्यासारखे काही नाही, फक्त तिची शाळेतली मैत्रीण राहते. तिकीट तिथलेच काढावे.